रोम, मुक्काम रेवदंडा

आमच्या हेडमास्तरांना रोम शहर गल्लीबोळांसकट पाठ होतं, आणि अलिबागेत ते हटकून वाट चुकत. शाळेचे कागद द्यायला आम्ही दोघं तिथल्या कचेरीत जायचो. बाजारापाशी आलो की ते थबकायचे, छत्री जमिनीवर टेकवायचे आणि म्हणायचे, "अहो तळ्याचे मास्तर, आता उजवीकडे की डावीकडे?" मी तळ्याचा, म्हणजे डोंगराआडच्या त्या गावचा भातवाला माणूस, अलिबाग मला त्यांच्यापेक्षा नवीन. तरी मीच त्यांना वळणावळणावर सांभाळून न्यायचो. ते मात्र मला दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी रस्त्यावरून चालवत असत. इथे पाण्याचा हौद, इथे पावाची भट्टी, इथून सम्राटाची स्वारी जायची. कचेरी आली तरी आमचं रोम संपलेलं नसायचं.

मी तेव्हा बाविशीत होतो. रेवदंड्याच्या शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून लागलो ते साल नेमकं कुठलं, हे आता आठवत नाही. हेडमास्तर, म्हणजे आमचे गुरुजी, असते तर त्यांनी मला इथेच थांबवलं असतं. "नक्की सांगा, नाहीतर सांगू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापायी त्यांनी अर्धं गाव दुखावलं होतं आणि उरलेलं अर्धं त्यांना लांबून नमस्कार करायचं. कुणी म्हणालं, "हजारदा सांगितलं याला," की गुरुजी शांतपणे म्हणणार, "चारदा. मी इथेच बसलो होतो." रामनवमीच्या कीर्तनात बुवा लंकेच्या वेशीपाशी अगदी रंगात आले असताना यांनी सभामंडपात बोट वर केलं होतं. पुढच्या वर्षापासून बुवा आधी निरोप पाठवून विचारायचे की हेडमास्तर गावात आहेत का, आणि असले तर बुवांचा घसा बसायचा.

एकदा एका वाडीवाल्याच्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेला होता. जो येई तो म्हणे, "देवमाणूस गेला हो." गुरुजी बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "देवमाणूस नव्हते. फार तापट होते. पण समोर एक आणि पाठीमागे एक असं त्यांनी कधी केलं नाही." ओटीवर सगळे गार झाले. मी जमिनीकडे बघत राहिलो. तेवढ्यात माजघरातून गेलेल्याच्या बायकोचा रडून बसलेला आवाज आला, "सकाळपासून एवढं एकच कुणीतरी खरं बोललं." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाबरोबर राहायला लाज वाटली तरी चालेल, पण राहावं.

संध्याकाळी शाळा सुटली की ते किनाऱ्यावर जात आणि छत्रीच्या टोकानं ओल्या वाळूत रोम काढत. सात टेकड्या, नदीचं वळण, आणि मधोमध मोठा लंबगोल. "हा आखाडा. इथे माणसं माणसांशी लढत आणि बाकीची माणसं बघायला बसत." किल्ल्याच्या पडक्या तटामागे उन्हं उतरू लागलेली असत, माडांच्या सावल्या त्या टेकड्यांवरून लांबच लांब पडत, आणि मला खरंच वाटे की ते शहर कुठे दूर नाही, थोडं पाणी ओसरलं की खाली दिसेल. चौलचं नाव रोमच्या वेळच्या पुस्तकांत आहे, असं ते सांगत. तिकडची गलबतं इथे येत असतील का, असं मी विचारलं की म्हणत, "बहुधा." हा शब्द त्यांनी दुसऱ्या कशासाठी वापरल्याचं मला आठवत नाही. मग भरती यायची आणि रोम पाण्याखाली जायचं. मला वाईट वाटे. ते म्हणायचे, "गेलं ते बरं झालं. नदीचं वळण चुकलं होतं."

त्यांच्या घरी कुणी नव्हतं. बायको लवकर गेली, मूल झालं नाही. शाळेतल्या पोरींना घरून काढून नेऊ नये म्हणून ते दारोदार फिरत, पण तिसरी-चौथीपुढे मुली टिकत नसत. त्यांतलीच एक हौसा, कोळीवाड्यातल्या बायजीची मुलगी. बायजी शाळेखालच्या वाटेवर मासळी घेऊन बसायची. तिचा आवाज वर्गात माझ्यापेक्षा जास्त ऐकू यायचा. हौसा मोठी झाली आणि खाडीपलीकडे कोर्लईला, तिथल्या किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, मासेमारांपैकी एका तरुणाबरोबर निघून गेली. तिकडच्या देवळात लग्न लावलं, धर्म घेतला. त्याला तीन वर्षं झाली होती. रेवदंड्याहून कोर्लई समोर दिसतं, होडीनं जाऊन चहाच्या वेळेला परत येता येतं. पण त्या दिवसापासून बायजी खाडीकडे पाठ करून बसायला लागली. गिऱ्हाईक त्या बाजूनं आलं तर त्याला वळसा घालून पुढे यावं लागे. हौसाला मूल झाल्याचं होडीवाल्यानं सांगितलं, तेव्हा ती सुरमई कापता कापता म्हणाली होती, "कोन हौसा?"

अशात दिवाळीनंतर गावात एक फिरती सिनेमा कंपनी आली. बोलपट अजून आमच्या बाजूला पोचले नव्हते. चित्रं मुकीच होती. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत आणि पडद्याच्या कडेला उभा राहून एक माणूस त्यांचा अर्थ मोठ्यानं सांगे. कंपनीचा हा सांगणारा नागोठण्यालाच तापानं पडला होता. मालक शाळेत आला आणि हात जोडून म्हणाला, "इथं इंग्रजी जाणणारे तुम्हीच, असं कळलं. चित्र सायबाच्या देशातलं आहे, जुन्या रोम शहराचं."

गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला. तो उचलायचं त्यांना सुचलं नाही.

त्यांनी आधी ते चित्र एकट्यानं बघितलं आणि बाहेर आले ते थरथरत. मला वाटलं, आनंदानं. "घोड्यांना रिकिबी आहेत!" ते म्हणाले. "त्या काळी रोममध्ये स्वाराला पाय अडकवायला रिकिबी नव्हत्या. हे लोकांना सांगावं लागेल." मग चालता चालता जरा थांबून म्हणाले, "पण आखाडा तसाच आहे हो. अगदी तसाच."

कोर्लईच्या लोकांना उजेडात परत होडी मिळावी म्हणून खेळ दुपारी ठेवला होता. जागा म्हणजे सुपारीची एक मोठी रिकामी वखार. दारं-खिडक्यांवर जुनी शिडं बांधली, कौलांवर झावळ्या पसरल्या. तरी फटीफटींतून उन्हाचे बारीक ठिपके आत येतच राहिले. बाहेर टळटळीत दुपार, आणि आत मान वर केली की चांदणं. सुपारीचा वास, बायकांच्या वेण्यांतल्या अबोलीचा वास, ओल्या जाळ्यांचा वास. पेटीवाला कोपऱ्यात एकच सूर धरून बसला होता. मला आजही स्वप्न पडतं त्यात बरेचदा ती वखार असते, फक्त तिला भिंती नसतात.

बायजी पुढे बसली होती, बायकांच्या पहिल्या रांगेत. कोर्लईच्या बायका अगदी मागे, दाराजवळ. त्यांत मांडीवर मूल घेतलेली हौसा होती. आत येताना मी तिला पाहिलं होतं. बायजीनंही पाहिलं असावं, कारण बसल्यावर तिनं मान एकदाही वळवली नाही.

चित्राची गोष्ट साधी होती. एका गुलामाला आखाड्यात लढायला लावतात. तो सगळ्यांना मारतो, लोक त्याला डोक्यावर घेतात. गावात काही गरीब माणसं एका नव्या देवाला, किरिस्तांवांच्या देवाला, चोरून भजतात, आणि सम्राट त्यांना धरून सिंहांपुढे टाकतो. गुरुजींनी सुरुवात केली. "हा जो दिसतो आहे तो ग्लॅडिएटर."

"काय म्हनले?" कुणीतरी विचारलं.

"ग्लॅ-डि-ए-टर."

"गलबत्या! गलबतावरचा मानूस हाय तो," एका म्हाताऱ्या कोळ्यानं सगळ्यांना समजावलं. गुरुजींनी तीनदा दुरुस्त केलं, पण तोवर त्या गुलामाला सगळ्या वखारीनं आपल्या बंदरावरचा करून टाकला होता. रिकिबींची चूकही त्यांनी सांगितली. सम्राटाला कुणी बादशहा म्हटलं तर ते थांबून सम्राट म्हणायला लावत. अर्धी माणसं पेंगायला लागली. मालक घाम पुसत होता.

मग ते दृश्य आलं. तो गुलाम एका म्हाताऱ्यापाशी येतो. म्हातारा घाबरलेला, हा आपला की परका ते त्याला कळत नाही. म्हातारा खाली वाकतो आणि बोटानं वाळूत दोन वाकड्या रेघा ओढतो. एक अशी, एक तशी. मासा होतो.

पेंगणारी वखार जागी झाली. पुढून एक सावली पडद्यावर उभी राहिली. बायजी होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "ही मासळीवाली लोकं हायेत?"

उत्तर मला ठाऊक होतं. सकाळीच गुरुजींनी मला त्यावर तासभर शिकवलं होतं. तो मासा म्हणजे एक गुप्त खूण. ग्रीक भाषेत माशाचं जे नाव आहे, त्यातल्या एकेका अक्षरानं त्यांच्या देवाच्या नावातला एकेक शब्द सुरू होतो. त्याचा मासळीशी संबंध नाही. गुरुजी आता ते सगळं सांगणार आणि मालकाला आजच गाशा गुंडाळावा लागणार, असं माझ्या मनात आलं.

"सांगा ना," बायजी म्हणाली. तिचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ही किरिस्तांव लोकं... पयली आपल्यातलीच व्हती काय?"

गुरुजींनी तोंड उघडलं. पडद्याचा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हलत होता. ते बायजीकडे बघत होते, मग तिच्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघत होते.

"होय," ते म्हणाले. "आपल्यातलीच."

पुढचं चित्र मी नीट पाहिलंच नाही. सिंह आले, लोक ओरडले, त्या गलबत्यानं आपलं हत्यार टाकून दिलं आणि म्हाताऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला, तेव्हा बायका हुंदके देऊन रडत होत्या. मी गुरुजींकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि तेही शंभर माणसांसमोर.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले, कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून. "चला. मला बायजीला खरं सांगायचं आहे."

मी त्यांना वाटेत परोपरीनं विनवलं. "राहू द्या हो गुरुजी. कुणाचं वाईट झालं त्यानं?"

"अजून झालेलं नाही," ते म्हणाले. "पण माझ्या शब्दावर तिनं काही मनाशी धरलं, आणि उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं की हेडमास्तरांनी थाप मारली, तर? मग ती पुन्हा पाठ फिरवेल, आणि या वेळी कायमची."

"मग तुम्ही होय म्हणालातच कशाला?"

ते छत्री टेकत भरभर चालू लागले. कोळीवाड्याशी आलो तेव्हा म्हणाले, "तुम्ही सगळे पडदा बघत होतात. मी एकटाच लोकांकडे तोंड करून उभा होतो. बायजी उठली, तशी मागे हौसा उठून उभी राहिली. मूल कडेवर घेऊन. मला दोघी एकदम दिसल्या." आणि छत्री दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "बरोबर उत्तर मला येत होतं. तोंडातून आलं नाही."

बायजी घरी नव्हती. शेजारणीनं धक्क्याकडे हात केला. आम्ही पोचलो तेव्हा कोर्लईची होडी सुटतच होती, आणि तीत टोपली पुढ्यात घेऊन, तोंड खाडीकडे करून बायजी बसली होती. तीन वर्षांत मी तिला त्या बाजूला तोंड केलेलं पाहिलं नव्हतं. मला पाण्याची भीती. पण गुरुजी कोटासकट होडीत चढले तेव्हा मागे राहणं मला जमलं नाही.

खाडीवर सकाळचं धुकं होतं. रेवदंडा मागे पुसट झाला आणि कोर्लई पुढे अजून उमटलेलं नव्हतं. पाणी कुठे संपतं तेही कळत नव्हतं. मधोमध आल्यावर गुरुजींनी घसा साफ केला.

"बायजी, काल मी चुकीचं सांगितलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ती खूण, ती अक्षरं, एकेक करून, काही न गाळता. "ती माणसं मासळीवाली होती, असं त्या चित्रात कुठेही नाही. त्यांच्या देवाचे पहिले काही शिष्य मासे धरणारे होते, एवढं खरं आहे. पण हे सगळे नव्हेत."

बायजीनं समोरची नजर काढली आणि टोपलीकडे वळवली. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं आणि हळूच विचारलं, "बायजे, अर्धी खारी झालीय, वलवू काय म्हागारी?"

होडी जागच्या जागी डुलत राहिली. मला त्या क्षणी गुरुजींचा राग आला. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. एवढं कशाला खरं बोलायचं माणसानं?

"गुरुजी," बायजी म्हणाली, "खूनच काढायची व्हती ना त्यांना? मग हत्ती कशाला नाय काडला? घोरा कशाला नाय काडला?"

"त्याचं कारण असं की ग्रीक भाषेत..." गुरुजी सुरू झाले आणि थांबले.

"ज्याच्या घरात मासली, त्याच्याच बोटात मासली येते," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक तुमच्यापाशी ठेवा. मासलीचं मना नका सांगू." मग होडीवाल्याकडे वळून ओरडली, "वल्हव रे! बघतोस काय?"

गुरुजींनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "हे मला खोडता येत नाही," ते शेवटी म्हणाले. ते हसत होते. त्यांना असं उघड हसताना मी पाहत होतो आणि माझे डोळे भरून आले, रागाचं तर काही उरलंच नाही.

धुक्यातून कोर्लईचे माड दिसू लागले तशी बायजीची चुळबुळ सुरू झाली. टोपलीवरचं फडकं तिनं चारदा सारखं केलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, तिकरं माज्या पोरीचं नाव काय ठेवलंय, तुमाना ठाव हाय?"

गुरुजींना ठाऊक होतं. लग्नानंतर शाळेचा दाखला न्यायला हौसा आली होती तेव्हा तिनं आपलं नवं नाव सांगितलं होतं. "फिलोमेना."

"काय?"

"फि. लो. मे. ना."

"फु. ल. मना."

"फि. 'फि' म्हणा. फिरकीतला फि."

"फि," बायजी म्हणाली. "फुलमना."

मग उरलेली खाडी आम्ही शिकवणीतच पार केली. गुरुजी एकेक अक्षर सुटं करून द्यायचे, बायजी ते नीट उचलायची, आणि सगळी एकत्र आली की तिच्या तोंडात त्यांचं फूल व्हायचं. होडीवाला एकदा न राहवून म्हणाला, "फिलोमेना! सोपं तर हाय," तेव्हा तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. पुन्हा गुरुजींकडे वळून म्हणाली, "सांगा."

कोर्लईला धक्का नव्हता. गुडघाभर पाण्यात उतरून चालत जावं लागे. किनाऱ्यावर बायका वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. हौसा पाठमोरी होती, मूल शेजारी वाळूत बसलेलं. बायजी टोपली डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली, चार पावलं गेली आणि थांबली. तिला पुढे जाववेना.

"फुलमने!" तिनं हाक मारली.

वाऱ्यात ती हाक अर्धीच गेली. कुणी वळलं नाही. गुरुजी माझ्याशेजारी पाण्यात उभे होते, कोट भिजत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण दुरुस्तीसाठी नाही. तेही तिच्याबरोबर तेच चुकीचं नाव म्हणत होते.

"ए फुलमनेऽऽ!"

हौसा वळली. हातातले बोंबील तिथेच टाकून ती पाण्यात धावत आली, लुगडं भिजलं, एकदा पडली, उठली आणि आईच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. "आये," ती म्हणत होती, "हौसाच म्हन गो मना. हौसाच म्हन."

बायजीनं एका हातानं टोपली सावरली, दुसऱ्या हातानं लेकीच्या केसांतली वाळू झटकली.

"आता नाय," ती म्हणाली. "आख्खी खारी घोकत आलंय."